पूर्वपक्ष आधी, उत्तर मग

आपल्या शास्त्रग्रंथांत वाद घालायची एक रीत आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं. मग त्याचं खंडन. आणि शेवटी सिद्धान्त. आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्य, बौद्ध, जैन मतं खोडली, पण आधी ती युक्तिवादासकट मांडली. समोरच्याचं म्हणणं कच्चं सांगितलं, तर आपलं उत्तरही कच्चंच राहतं.

आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. टिळक आणि आगरकर न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’च्या उभारणीत बरोबर होते. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून बिनसलं. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि दोन्हीकडून बोचरं लिखाण झालं. पण १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्या गुणांची मनापासून कदर केली. १९१५ मध्ये गोखले गेले, तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात त्यांच्या कार्याचा गौरव केला. गोखल्यांचा मार्ग त्यांना पटला होता, असं मात्र नाही.

आता प्रश्न आपला. माणूस गेल्यावर आपण सगळेच चांगलं बोलतो. तो समोर असताना का नाही?

देवळाच्या सभेत कोणी म्हणतं, “रात्री दहानंतर स्पीकर नको, घरात आजारी माणूस आहे.” बाहेर येईपर्यंत त्याचं होतं, “त्यांना उत्सवच नकोय.” सून उपवास धरत नाही, एवढं आपण पाहिलेलं असतं, “तिला श्रद्धाच नाही” हे आपण जोडलेलं असतं. अशा एकेका वाक्याने शेजार तुटतो, घरात अबोला येतो.

मी बँकेत नोकरी केली. तिथे खात्याला नावे आणि जमा अशा दोन बाजू असतात. एकच बाजू लिहिली तर ताळा जमत नाही. माणसाबद्दल बोलतानाही तीन गोष्टी तपासाव्यात:

१. तो नेमकं काय म्हणाला? शक्यतो त्याच्याच शब्दांत सांगावं.
२. आपण पाहिलं किती आणि तर्क केला किती?
३. तो इथे बसला असता, तर “हो, माझं म्हणणं हेच” असं म्हणाला असता का?

तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, की मग खुशाल विरोध करावा. आपलं मत सोडायची गरज नाही. यंदाच्या उत्सवाच्या सभेपासूनच सुरुवात करून पाहू या.