स्नॅपशॉट डिलीट केला, तरी जागा का मोकळी होत नाही?

नॅस बॉक्सवर स्नॅपशॉट कसा घ्यायचा ते व्हिडिओत बघितलं. आज बघू, तो डिलीट कधी करायचा. बहुतेकजण घाई करतात ती इथेच.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. स्नॅपशॉट म्हणजे डेटाची झेरॉक्स नाही. त्या क्षणी कुठला डेटा डिस्कवर कुठे होता, याची ती नोंद असते. म्हणून तो काही सेकंदांत होतो आणि सुरुवातीला जागा जवळपास घेतच नाही. नंतर तुम्ही फाइल बदलली किंवा उडवली, की सिस्टिम जुना भाग पुसत नाही, स्नॅपशॉटसाठी धरून ठेवते. जागा खाल्ली जाते ती अशी.

समजा, रोज रात्री एक असे ३० स्नॅपशॉट साठलेत. डिस्क भरत आली म्हणून तुम्ही गेल्या वर्षीचे ३०० जीबी प्रॉडक्ट फोटो उडवले. जागा? होती तेवढीच! कारण ते फोटो तिसांनीही धरून ठेवलेत. सर्वांत जुना स्नॅपशॉट डिलीट केला, तर फक्त त्याच्या एकट्याकडचा डेटा सुटतो, म्हणजे कदाचित दोन-चार जीबी. फोटोंची जागा हवी तर तीसही घालवावे लागतील. आणि त्याच फोल्डरमध्ये टॅली असेल, तर कालच्या हिशेबाकडे परत जायची वाटही गेली. स्नॅपशॉटला रिसायकल बिन नसतो हो!

म्हणून टॅलीचा डेटा आणि फोटो वेगळ्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि दोघांचं शेड्यूल वेगळं लावा. फोटोंना तीन-चार स्नॅपशॉट खूप झाले. टॅलीला माझ्या मते रोजचे १४ आणि आठवड्याचे ४ पुरतात. मोठ्या कंपन्या वापरतात त्या नेटअ‍ॅपच्या सिस्टिममध्येसुद्धा डीफॉल्ट पॉलिसी तासाचे ६, रोजचे २, आठवड्याचे २ एवढीच असते. त्यापुढचा जुना आपोआप जातो. हाताने निवडून डिलीट करण्यापेक्षा हे बरं.

"पण जीएसटीचे रेकॉर्ड तर वर्षानुवर्षं ठेवायचे असतात ना?" बरोबर, वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. पण ते काम बॅकअपचं. स्नॅपशॉट त्याच बॉक्समध्ये असतो. बॉक्स गेला की तोही गेला. १९६१ चा पानशेतचा पूर आजोबांकडून ऐकला असेल, २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याची रात्र तर आपणच बघितली. एक कॉपी दुकानाबाहेर हवीच, मग ती क्लाउडवर असो की घरच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर.

डिलीटचं बटण दाबण्याआधी त्या बाहेरच्या कॉपीतून एक कंपनी रिस्टोअर करून टॅलीत उघडून बघा. शेवटच्या व्हाउचरची तारीख जुळते का? जुळली तरच पुढे जा. आणि दर महिन्याला ३बी भरत असाल, तर हे काम २० तारखेनंतरच काढा.