घाणेरीचे निर्मूलन आणि तणनाशकाची मर्यादा

सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल व पावरा कुटुंबांना वन हे अन्नाचे कोठार आहे. मोहाची फुले, चारोळी, पावसाळ्यातील रानभाज्या आणि गुरांचा चारा तेथूनच मिळतो. घाणेरीची दाट जाळी माजली, की तिच्या सावलीत गवत खुरटते आणि देशी वृक्षांची रोपे वर येत नाहीत.

घाणेरी मूळची अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्यास आणली गेली. पक्षी तिची फळे खाऊन बी दूरवर पसरवितात. वरून तोडली वा जाळली, तरी बुंध्यातून नवे फुटवे येतात. त्यामुळे सरसकट फवारणीचा विचार पुढे येतो. परंतु ग्लायफोसेटसारखे तणनाशक घाणेरी आणि चारोळीचे रोप यांत भेद करीत नाही.

प्रथम कुदळ, मग औषध

फळे धरण्यापूर्वी झुडपाचे मुख्य मूळ जमिनीखाली, फुटवे येणाऱ्या भागाच्या खालून तोडावे व झुडूप उलटे ठेवून वाळू द्यावे. पुढील पावसाळ्यांत उगवणारी रोपे हाताने उपटावीत. मोकळ्या जागी मारवेल, पवन्या यांसारख्या स्थानिक गवतांचे बी टाकावे. उघडी जमीन पुन्हा तणालाच आमंत्रण देते.

खडकाळ जागी मूळ निघत नसेल, तरच तणनाशकाचा विचार करावा. तेही वन विभागाच्या संमतीने, लेबलवरील उपयोगाच्या मर्यादेत आणि केवळ ताज्या तोडलेल्या बुंध्यावर कुंचल्याने लावावे. पावसाची चिन्हे असताना किंवा नाल्याकाठी ते वापरू नये. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र शासनाने 2022 मध्ये निर्बंध घातले होते. म्हणून प्रचलित नियम कृषि विभागाकडून समजून घ्यावेत. हातमोजे वापरावेत, रिकामे डबे पाण्यासाठी घेऊ नयेत आणि त्या जागेतील रानभाजी खुडू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येणार नाही.

निर्णय ग्रामसभेचा

वनहक्क कायदा, 2006 अन्वये सामूहिक वनाचे संरक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा अधिकार गावास आहे. औषध वापरण्यापूर्वी ती जागा ग्रामसभेत सांगावी आणि रानभाज्या गोळा करणाऱ्या स्त्रियांचे मत प्रथम घ्यावे. कोणत्या उतारावर कोणती भाजी उगवते, हे त्यांना ठाऊक असते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी दरवर्षी तेथील गवत व रोपांची नोंद ठेवावी. घाणेरी किती गेली यापेक्षा तिच्या जागी काय उगवले, यावरच कामाचे यश मोजले पाहिजे.