क्लास नंतर, मैदान आधी

बारावीचा निकाल लागला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरातले पालक विचारू लागतात, 'पोलीस भरतीचा कुठला क्लास लावू?' क्लास नंतर बघा. आधी घरीच टेप घ्या. शिपाईपदासाठी मुलाची उंची किमान 165 सेंटीमीटर लागते. छाती न फुगवता 79 आणि फुगवून आणखी 5. उंचीच कमी भरत असेल, तर फी भरून पोराला आशेवर ठेवू नका. वयाची अट खुल्या गटात 18 ते 28, मागास प्रवर्गांना 5 वर्षांची सवलत.

सध्याच्या पद्धतीत मैदानी चाचणी लेखीच्या आधी होते. गुण 50 : मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. निम्मे गुण हवेतच, पण तेवढ्यावर भागत नाही. गुणवत्तेनुसार जागांच्या दहापटच मुलं लेखीला बोलावतात. मुलानं 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर पूर्ण 20. एवढा दम महिन्याभरात येत नाही, त्याला निदान वर्ष द्या. 2024 च्या जूनमधल्या दमट उकाड्यात भरतीची धाव घेतल्यानंतर तरुण दगावले. म्हणून सरावाआधी डॉक्टरांकडून हृदय आणि रक्त तपासून घ्याच. यात काटकसर नको. मुलांचा गोळा 7.26 किलोचा. तो शेवटच्या आठवड्यात उचलणारे हातचे गुण घालवतात.

लेखी 100 गुणांची, मराठीतून, व्याकरणासकट. उल्हासनगरच्या सिंधी आणि हिंदी भाषक घरांतल्या मुलांनी मराठी आधीपासूनच हातात घ्यावी.

आपली तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ 4 मध्ये येतात, पण अर्ज ठाण्यालाच करायला हवा असं नाही. मात्र एका पदासाठी एकाच घटकात अर्ज चालतो. तेव्हा मुंबई, ठाणे ग्रामीण, लोहमार्ग यांच्या जागा बघून मग ठरवा.

नियुक्तीआधी चारित्र्य पडताळणी होते. मारामारीचा गुन्हा नोंद असेल तर लपवू नका. लपवलेलं उघड झालं की नोकरीच जाते. 'सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका.

निवड झाली की पगारी प्रशिक्षण : मरोळ, खंडाळा, नानवीज अशा केंद्रांत कवायत, शस्त्रं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता.

भरतीच्या नादात कॉलेज मात्र सोडू देऊ नका. थेट फौजदार व्हायला पदवी आणि एमपीएससी लागते, प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. सकाळी मैदान, दुपारी कॉलेज, असं वेळापत्रक याच जूनपासून बसवा.