पंचवीस अंशांची खोली

लग्नातला हार, मुंडावळ्या, अंतरपाटाचा तुकडा, बाळाची पहिली वाळी. असल्या वस्तू रेझिनमध्ये जपून ठेवायची हौस आता बडोद्यातही चांगलीच रुजली आहे. मी हे काम करते, शिकवते, आणि इतरांच्या हातून बिघडलेले तुकडेही माझ्याकडे येतात. कुठे चिकटपणा राहिलेला असतो, कुठे बुडबुडे अडकलेले, कुठे गुलाब काळवंडलेला. या तुकड्यांनी जे शिकवलं, ते लिहून ठेवावंसं वाटलं.

१. रेझिन आणि हार्डनर यांच्या जोडीला तिसरा घटक असतो, तो म्हणजे हवा. बाटलीवर छापलेली वेळ बहुधा २५ अंशांच्या आसपासच्या खोलीची असते. बडोद्यात तशी खोली वर्षातून किती दिवस मिळते? मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, जानेवारीत पहाटे १२ च्या आसपास उतरतो, आणि जुलैत कपाटातली चादरसुद्धा दमट लागते. साधारण दहा अंश तापमान वाढलं, की हातात मिळणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे बाटलीवरची चाळीस मिनिटं मे महिन्याच्या दुपारी पंधरावर येतात. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे ओतते. थंडीत रेझिन दाट होतं आणि बुडबुडे सोडत नाही, तेव्हा घट्ट झाकणाची बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवते आणि उघडण्याआधी कोरडी पुसते. तापमान आणि दमटपणा दाखवणारं एक छोटं यंत्र टेबलाजवळ टांगलं आहे. ओतायचं की थांबायचं, हे मी त्याला विचारून ठरवते.

२. हार्डनर जास्त घातला म्हणून रेझिन लवकर वाळत नाही. तरीही हा सल्ला इतका कसा पसरला, याचं मला नवल वाटायचं. मग लक्षात आलं, की तो दुसऱ्याच रेझिनचा आहे. बडोद्यात १९५० पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, शिल्पकारांचं गाव आहे हे. ते फायबरचं काम करतात तेव्हा बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्यात टाकलेला कॅटॅलिस्ट क्रिया सुरू करून देतो, आणि हवा बघून तो ठरलेल्या मर्यादेत कमी-जास्त करता येतो. या कामात आपण वापरतो त्या इपॉक्सी रेझिनचा हार्डनर मात्र स्वतःच साखळीत गुंफला जातो. त्याच्या प्रत्येक रेणूला रेझिनमधला जोडीदार लागतो. जोडीदार न मिळालेला हार्डनर आत तसाच उरतो आणि तुकडा कायमचा नरम राहतो. दुकानात दोघांनाही नुसतं ‘रेझिन’ म्हणतात, म्हणून कुठलं हवं ते नाव घेऊन मागावं.

३. ‘दोनास एक’ हे प्रमाण मापाचं की वजनाचं, हे कळल्याशिवाय बाटली उघडू नये. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. शंभर मिलिलिटर रेझिन साधारण ११५ ग्रॅम भरतं, तेवढाच हार्डनर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. त्यामुळे मापाने दोनास एक म्हणजे वजनाने शंभरास सुमारे बेचाळीस. तेच प्रमाण कोणी काट्यावर धरलं, तर शंभरास पन्नास होतं आणि हार्डनर जवळजवळ एक पंचमांश जास्त पडतो. अतिशय काळजीने, ग्रॅम ग्रॅम मोजून केलेलं काम असं बिघडतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

४. चिकटपणा कुठे आहे, हे बघितलं की कारण बरंचसं कळतं. तुकडा उजेडाकडे तिरपा धरावा आणि हातमोज्याच्या बोटाने सगळीकडे हलकेच दाबून पाहावं. सगळीकडे सारखाच चिकट असेल, तर बहुधा प्रमाण चुकलेलं असतं. चकाकत्या कडक पृष्ठभागावर मधेच एखादा ओला ओघळ असेल, तर कपाच्या कडेला चिकटलेलं, न मिसळलेलं रेझिन खरवडून ओतलेलं असतं. मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात घेऊन पुन्हा ढवळलं, की हे टळतं. आणि खाली दगडासारखं कडक, पण वर मेणचट थर असेल, तर तो बहुधा पावसाळ्याचा. हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन तो धरतो. कोमट पाणी, साबण आणि मऊ स्क्रबर एवढ्यावर तो निघतो. ओघळ खरवडून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून, भोवती पॉलिश पेपर मारून वर नवा थर देता येतो. पहिल्या प्रकारात मात्र नरम भाग काढून टाकण्यावाचून उपाय नाही. आपल्या जवळच्या संखेड्याच्या फर्निचरवरची लाख ऊब दिली की पुन्हा मऊ होते, सरकते. इपॉक्सी एकदा जसं धरतं तसं धरतं, कितीही तापवलं तरी वितळून पुन्हा पातळ होत नाही.

५. फूल वाळलं आहे की नाही, हे पाकळीवरून ठरवू नये, देठाजवळ बघावं. पाकळ्या कुरकुरीत लागतात, पण गुलाबाच्या मुळाशी असलेल्या गाठीत ओल दडलेली असते. तीच पुढे रेझिनमध्ये तपकिरी डाग होऊन पसरते. फुलं सिलिका जेलमध्ये पूर्ण बुडवून ठेवावीत. निशिगंधाची नळी मांसल असते, तिला झेंडूच्या पाकळीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लागतात. रंगांचंही तसंच. झेंडू आपला पिवळा बराच टिकवतो, लाल गुलाब गडद होत जांभळट-काळ्याकडे झुकतो, निशिगंधाचं पांढरं सायीच्या रंगावर येतं. हार एकच असतो, तो पुन्हा आणता येत नाही. म्हणून मी आधी खंडेराव मार्केटमधून तीच फुलं आणते, वाळवून त्यांचा छोटा तुकडा ओतते, आणि तो नवरा-नवरीला दाखवूनच पुढे जाते.

६. बुडबुडे ढवळण्यातून येतात त्याहून जास्त वस्तूतून येतात. लाकडाच्या रंध्रांत, अंतरपाटाच्या विणीत, फुलाच्या पोटात हवा असते. वरून हीट गन फिरवली तर पृष्ठभागावरचे फुटतात, खालचे हलत नाहीत. आधी ब्रशने पातळ थर मुरवून तो धरू दिला, की निम्मं काम झालं.

७. इपॉक्सी धरताना स्वतः तापतं, आणि जितकं जास्त एका जागी तितकं जास्त. कपात उरलेलं मिश्रण धुरकटून कपच वितळतो, ते यामुळे. जाड तुकडा एका दमात ओतला, की पिवळेपणा येतो, तडे जातात, फुलंही भाजतात. किती जाडीपर्यंत ओतावं, हे बाटलीवर दिलेलं असतं, ते पाळावं. खालचा थर बोटाला चिकट लागतो पण बोटाला येत नाही, ती पुढचा थर ओतायची वेळ. ती टळली, तर पूर्ण कडक होऊ द्यावं आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून मगच ओतावं.

८. वास येत नाही म्हणजे अपाय नाही, असं नसतं. इपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या दिवशी येईलच असं नाही. कित्येक महिने काहीच होत नाही, आणि मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. एकदा आली की बहुधा जन्मभराची. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, घासताना पाणी आणि मास्क, एवढं मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीकडून रंगाच्या आधी करून घेते. हाताला लागलेलं रेझिन थिनरने पुसू नये, साबणाने धुवावं. थिनर त्वचेचं संरक्षणच काढून घेतो.

९. रेझिन वस्तू जपतं, पण काळ थांबवत नाही. उन्हाने ते पिवळं पडत जातं. घरी वापरायची बरीच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, म्हणून कोस्टरवर वाफाळत्या चहाच्या कपाची गोल खूण उमटते आणि उन्हात उभ्या गाडीतली किचेन वाकते. हे मी काम घेण्याआधी सांगते: पश्चिमेच्या खिडकीत टांगू नका, गुलाब आज आहे तसा लाल राहणार नाही. हे ऐकून काहीजण हार परत घेऊन जातात, आणि ते मला योग्यच वाटतं. ज्यांना रंग बदललेलासुद्धा तोच हार हवा असतो, त्यांच्यासाठी हे काम आहे.