घोड्यांची टपालगाडी

उद्देश : प्रवासाचा वेग केवळ जनावराच्या बळावर ठरत नाही; रस्ता, टप्पे व वेळेची शिस्त यांवरही तो अवलंबून असतो, हे विद्यार्थ्यांस उमगावे.

पाठ्यांश : अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये टपाल बहुधा घोडेस्वार पोरांकरवी जाई. ब्रिस्टल ते लंडन हे अंतर सुमारे १९० किलोमीटर; तेवढ्यास ३८ तासांपर्यंत वेळ लागे आणि वाटेत लुटारूंचे भय असे. बाथ येथील नाट्यगृहाचे मालक जॉन पामर यांनी टपाल व उतारू एकाच वेगवान गाडीतून नेण्याची योजना मांडली. २ ऑगस्ट १७८४ रोजी दुपारी चार वाजता अशी पहिली गाडी ब्रिस्टलहून निघाली व दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत लंडनला पोचली.

हे साधले कसे? ठरावीक टप्प्यांवर ताज्या दमाचे घोडे सज्ज असत व मोतद्दार ते काही मिनिटांत बदलीत. रक्षकाने शिंग फुंकताच नाक्याचे फाटक उघडे. टपालगाडीस पथकर माफ असे. रक्षकाजवळ कुलूपबंद घड्याळ असे. ब्रिस्टल पश्चिमेस असल्याने तेथील वेळ लंडनच्या सुमारे १० मिनिटे मागे असे. तो फरक जमेस धरूनच घड्याळ लावले जाई. पुढे १८१६ पासून मॅकॅडम यांनी ब्रिस्टलच्या परिसरात खडीचे पक्के रस्ते बांधले व प्रवास अधिक सुकर झाला.

मात्र या वेगाचे मोल घोड्यांनी दिले. सततच्या दौडीने ते थोड्याच वर्षांत निकामी होत. आत चौघे बसत. कमी भाड्याचे उतारू टपावर थंडीपावसात कुडकुडत. १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर आगगाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी टपालही रुळांवरून धावू लागले. १८४६ मध्ये लंडनहून सुटणाऱ्या टपालगाड्या संपल्या. सारथी, मोतद्दार व वाटेवरचे खानावळवाले यांचा रोजगार बुडाला.

शिक्षकांस सूचना :
१. १९० किलोमीटर १६ तासांत, तर ताशी वेग किती, हे मुलांकडून काढून घ्यावे. ३८ तासांच्या वेगाशी तुलना करावी.
२. मोटार येण्यापूर्वी गावाहून बाजारास लोक कसे जात, हे मुलांनी वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणावे.
३. नवे वाहन येते तेव्हा जुन्या वाहनावर पोट असणाऱ्यांचे काय होते, यावर चर्चा घ्यावी. उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. वर्गात एखाद्या टांगेवाल्याचा नातू बसलेला असू शकेल. त्याला प्रथम बोलू द्यावे.