खाऱ्या वाऱ्यातलं होल्स्टर

गो बाय,

नाशिकच्या पोलीस अकादमीचं बोलावणं आल्याचं कळलं तेव्हा आजीनं देवळात गाऱ्हाणं घातलं, तुझ्या आईनं डोळे पुसले, आणि तू फोन करून मला विचारलंस, "मामा, होल्स्टर कुठलं घेऊ?" बूट कुठले, ट्रंक केवढी, काही नाही. सरळ होल्स्टर! लहानपणी जत्रेतलं टिकल्यांचं पिस्तूल परकराच्या नाडीत खोचून वाडीभर फिरायचीस, ते अजून सुटलेलं दिसत नाही.

मी 28 वर्षं पोलिसांच्या कोतात हत्यारं सांभाळली. कोत म्हणजे शस्त्रागार. हा शब्द तुलाही लवकरच सवयीचा होईल. खाली लिहिलेल्यातली जवळजवळ प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे, काही दोनदा. ते वाचून तुझा निदान एक पावसाळा वाचावा एवढीच इच्छा.

आधी एक घोळ मिटवू. कोल्हापूरला जाऊन-येऊन तू जे 25 मीटरचं .22 खेळलीस, त्या खेळात होल्स्टर नसतंच. कोल्हापूरच्याच राही सरनोबतनं 2018 साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई खेळांत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं, तेव्हाही कमरेला काही नव्हतं. पिस्तूल समोरच्या टेबलावरून उचलायचं, जलद टप्प्यात हात 45 अंशांत खाली ठेवायचा आणि 3 सेकंदांत वर आणून एक गोळी झाडायची. आता तुझे उस्ताद नोकरीच्या पिस्तुलासारख्या घडणीच्या .22 वर कमरेवरून काढण्याचा सराव देणार आहेत. ते बरं करताहेत. .22 चा धक्का अगदी थोडा, म्हणून हात आधी नीट वळतो आणि दचकायची खोड लागत नाही. पण हे वेगळं काम आहे, आणि त्याला सामानही वेगळं.

1. तुझ्या खेळाच्या पिस्तुलासाठी होल्स्टर शोधत बसू नको, त्याला कडक डबाच हवा — हाताच्या मापानं कोरलेली जाड लाकडी मूठ आणि काही बनावटींत ट्रिगरच्या पुढे बसणारं मॅगझिन, असलं अंग कुठल्याच म्यानात नीट शिरत नाही.

2. ज्या पिस्तुलावर शिकणार त्याचंच नाव आणि नमुना सांगून होल्स्टर घे, "सगळ्यांना बसतं" म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा — सगळ्यांना बसणारं झबलं कुणालाच बसत नाही.

3. होल्स्टरनं ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे, आणि बाहेरून दाबलं तरी बोट आत पोचता कामा नये — गळ खिशात ठेवणाऱ्याला मासा नंतर लागतो, बोट आधी.

या तिसऱ्या गोष्टीवर कुणाशी वाद घालू नको. मऊ कापडी होल्स्टर स्वस्त मिळतात, दिसायलाही बरी दिसतात, पण त्यांची कड आत दुमडली की तीच ट्रिगरवर बोटासारखी दाबते. बाकी सगळ्यांत तडजोड कर, यात नको.

4. रिकामं होल्स्टर कमरेला लावून बघ: तोंड आपोआप उघडं राहिलं पाहिजे — तोंड मिटणारं असलं तर पिस्तूल परत ठेवताना दुसऱ्या हातानं उघडावं लागतं, आणि तो हात नेमका नळीच्या तोंडासमोर येतो.

5. पकड तपासायची तर पिस्तूल रिकामं, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यानं बघून बोटानं चाचपलेलं. मग होल्स्टर गादीवर उलटं धरून दहापर्यंत मोज — पडायचं असेल तर गादीवर पडू दे, रेंजच्या काँक्रीटवर नको.

6. आवळायचा स्क्रू असलेलं घेतलंस तर आठवड्याला एकदा तो बघ, आणि त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब लाव — रोजच्या काढ-घालीनं तो इतका हळू सैल होतो की तुझं तुलाच कळत नाही.

7. नळीवरची पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, उंच असेल तर होल्स्टरात तिच्यासाठी खाच आहे का ते बघ — माशी अडकली की हात झटका देतो, आणि झटक्याची सवय पुढे निशाण्यात उतरते.

8. पिस्तूल सोडवण्यासाठी तर्जनीनं बटण दाबावं लागतं असलं होल्स्टर नको, अंगठ्यानं सुटणारं चालेल — तर्जनी दाबायला शिकली की पिस्तूल वर आल्यावरही दाबतच राहते, आणि तेव्हा तिच्याखाली ट्रिगर असतो.

9. काखेतलं आणि पाठीमागचं होल्स्टर सिनेमात शोभतं, शिकताना ते नकोच — काढताना नळी शेजारच्या माणसावरून फिरते, आणि रेंजवर शेजारी कुणीतरी असतंच.

आता पट्ट्याचं. सगळे होल्स्टरावर पैसे घालवतात आणि पट्टा जीन्सबरोबर आलेलाच वापरतात. मीही तेच केलं होतं. भर सरावात पिस्तुलाबरोबर होल्स्टरच वर आलं, आणि सगळ्या तुकडीसमोर मी पिस्तूल, होल्स्टर नि लोंबता पट्टा असं तिन्ही हातात घेऊन उभा. उस्ताद ओरडले नाहीत. नुसते माझ्या कमरेकडे बघत राहिले.

10. पट्टा जाड, दुहेरी शिवलेला घे, आणि होल्स्टराच्या पट्टीत तो घट्ट बसू दे — होडी कितीही चांगली असो, खुंटा हलला की ती सकाळी दुसऱ्याच्या दारात.

11. पट्टा शक्यतो होल्स्टराबरोबरच घे, आणि दोन्ही लावून दुकानातच खाली बस, वाक, जिना चढ — जाळं पाण्यात टाकल्यावर गाठी शोधू नयेत.

12. बहुतेक होल्स्टर पुरुषांची कंबर धरून बनवतात, म्हणून तू थोडं खाली उतरणारं आणि कमरेपासून जरा बाहेर राहणारं बघ — नाहीतर मूठ बरगडीत घुसते, मग खांदा वर उचलून काढायची खोड लागते आणि ती जाता जात नाही.

बारावा मुद्दा माझा नाही. आमच्या मुख्यालयातल्या एका महिला हवालदारांनी तो मला समजावून सांगितला होता. तोवर मी मुलींना सरसकट "सराव कमी पडतोय" म्हणायचो. सराव नव्हे, सामान चुकत होतं.

मॅगझिनच्या पाऊचकडे कुणी फारसं बघत नाही. .22 वाल्यानं मात्र बघायलाच हवं.

13. 9 एमएमचं पाऊच .22 च्या मॅगझिनला घेऊ नको — .22 चं मॅगझिन बहुधा सडपातळ असतं, मोठ्या पाऊचात ते खुळखुळतं आणि धावताना उडून पडतं.

14. उजव्या हातानं चालवतेस, तर पाऊच डाव्या कमरेला, मॅगझिनचं बूड वर आणि गोळ्यांची टोकं बकलाकडे — तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या अंगावर सरळ पडते आणि अंधारातही दिशा चुकत नाही.

15. मॅगझिनचे ओठ पाऊचात पूर्ण झाकलेले राहू देत, आणि पडलेलं मॅगझिन तपासल्याशिवाय पुन्हा भरू नको — .22 च्या पुष्कळ मॅगझिनांचे ओठ नाजूक असतात. केसभर वाकले तरी राउंड वाकडा चढतो.

16. भरताना प्रत्येक वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेच्या पुढे बसव — .22 च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती मागे अडकली की दोन राउंड एकमेकांना धरून बसतात, भांडलेल्या जावांसारखे.

17. प्रत्येक मॅगझिनच्या बुडावर रंगानं आकडा लिही — अडकाअडक झाली की दोष पिस्तुलाचा का तीन नंबरच्या मॅगझिनचा, हे दोन दिवसांत कळतं.

18. सुटे राउंड पाऊचात टाकू नको, आणि न उडालेला राउंड तर मुळीच नको — .22 च्या शिशावर मेणाचा हात असतो, त्याला वाळू चिकटते. आणि ज्याच्या बुडावर एकदा पिन पडली तो चांगल्यांत मिसळला तर ओळखायचा कसा?

न उडालेल्याचंच निघालं म्हणून सांगतो. टिचकी वाजली आणि गोळी गेली नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांब. काही राउंड उशिरा पेटतात. मग उस्तादांच्या देखत काढ आणि त्यांच्याच हाती दे.

आता आपल्या मालवणची गोष्ट. पुस्तकातल्या सूचना बहुतेक कोरड्या मुलखात लिहिलेल्या असतात. इथं जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेवर बुरशी येते, आणि उरलेले आठ महिने वारा मीठ घेऊन येतो. माझ्या वडिलांकडे शेतराखणीची परवान्याची बंदूक होती, माकडं आणि रानडुकरं हाकलायला. एका वर्षी आगोटीला त्यांनी ती चामडी गवसणीत घालून माळ्यावर ठेवली. दसऱ्याला पूजेसाठी काढली, तर नळीवर गवसणीच्या शिवणीचा ठसा जसाच्या तसा तांबेऱ्यानं उमटलेला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

19. होल्स्टरात पिस्तूल रात्रभर ठेवू नको, चामडी असेल तर तासभरही जास्तच — चामडं घाम पितं आणि लोखंडाला पाजतं.

20. कोल्हापुरात हिरडा आणि बाभळीच्या सालीनं कमावलेलं चामडं पायात घालायला उत्तम, पण इथल्या सरावासाठी कडक प्लास्टिकचं होल्स्टर बघ, कायडेक्स म्हणतात ते — पाणी पीत नाही, आणि गोड्या पाण्याखाली धरून पुसलं की झालं.

21. तेच प्लास्टिक मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ठेवू नको — उन्हानं वाकलं की पकड एकतर सुटते नाहीतर जखडते.

22. होल्स्टर खालून उघडं असलेलं घे — पाणी आणि वाळू ज्या वाटेनं येतात त्याच वाटेनं निघून जाऊ देत.

23. स्क्रू स्टेनलेसचे मागून घे, आणि पितळी टिचबटणांवर हिरवा चढतोय का बघत जा — खारं आधी लहान गोष्टी खातं.

24. सराव संपला की पिस्तूल पुसून तेलाचा पातळ हात फिरव आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेव. होल्स्टराच्या आत मात्र तेल नको — तेलात वाळू बसली की तिचं पॉलिश पेपर होतं.

25. रेंजवरून आल्यावर हात साबणानं धू, मगच भाकरीला हात लाव. पाऊचही वेगळं धू — .22 ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते, तिचा काळपटपणा बोटांवर आणि पाऊचात राहतो.

समोर किल्ला दिसतो ना? शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, तेव्हा पायात शिसं ओतलं असं आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. तटाला शिसं मानवतं, पोटाला नाही. तुझ्या पोरकट घाईत हेच धुणं पहिलं राहून जाईल, म्हणून एवढी लांबण लावली. आता शेवटचं, हत्यार हाताळण्याचं.

26. पिस्तूल होल्स्टरात परत ठेवताना थांब, बोट सरळ बाजूला, मान खाली घालून बघ, मग हळू घाल — घाई केलीच तर काढताना कर. ठेवण्याचं बक्षीस कुणी देत नाही.

27. रेनकोटची दोरी, सदऱ्याचं टोक, ओढणी हे सगळं आधी मागे खोच — ट्रिगरला बोट आणि दोरी यांतला फरक कळत नाही.

28. घरी काढ-घालीचा सराव करायचा तर राउंड दुसऱ्या खोलीत कुलपात, आणि ट्रिगर दाबायचा तर चेंबरमध्ये .22 चा डमी घालून — .22 ची पिन बुडाच्या कडेवर पडते. आत काहीच नसलं तर पुष्कळ पिस्तुलांत ती चेंबरची कडच ठोकत बसते.

29. वाटेत पिस्तूल पूर्ण झाकलेलं, रिकामं आणि तुझ्या ताब्यात असू दे, परवाना प्लास्टिकच्या पिशवीत जवळ — 2016 च्या शस्त्र नियमांत उघडं नेण्याला जागा नाही, आणि घाटातल्या नाक्यावर भिजलेला कागद कुणी वाचत बसत नाही.

30. पहिले दोन आठवडे नुसतं रिकाम्या पिस्तुलानं, पाण्यात चालल्यासारखं सावकाश काढ — सावकाश शिकलेला हात वेग आपला आपण धरतो, घाईत शिकलेल्याला मागून सावकाश शिकवता येत नाही.

सिलिकाच्या पुड्या, पितळी ब्रश आणि माझा जुना दुहेरी पट्टा तुझ्या आईकडे दिलाय. पट्ट्याला नवी भोकं पाडून घे, तुझी कंबर माझ्या निम्मी आहे. आजीनं कोकमाच्या आगळाची बाटलीही बांधलीय. ती पिस्तुलाच्या डब्याशेजारी ठेवू नको, वेगळ्या पिशवीत, उभी ठेव — आंबट आणि मीठ दोन्ही त्यात आहे, आणि आजीच्या बाटलीचं बूच गळतं.

तुझा मामा