न जुळणारा दिवा : दोष शोधण्याची एक रीत

गेल्या वर्षीं आमच्या घरीं एक लहानशी अडचण उत्पन्न झाली. ती दूर करितां करितां आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें लिहीत आहों. विषय आहे अलीकडे घरोघरीं येऊं लागलेल्या 'स्मार्ट' दिव्यांचा, आणि असे दिवे घरांतील कंट्रोलरशीं जुळेनासे झाले म्हणजे दोष कसा शोधावा याचा.

आमच्या मातुश्रींचें वय ऐंशीच्या पुढें आहे. एके रात्रीं अंधारांत भिंतीवरील बटण चांचपीत असतां त्या उंबरठ्यास अडखळून पडल्या. हाड मोडलें नाहीं, परंतु त्या दिवसापासून रात्रीं उठण्याचें त्यांना भय वाटूं लागलें. म्हणून आम्हीं झिग्बी जातीचे तीन एलईडी दिवे व त्यांचा कंट्रोलर आणिला. कंट्रोलर पुढच्या दिवाणखान्यांत ठेविला. एक दिवा तेथेंच, दुसरा मधल्या बोळांत, व तिसरा मागें मातुश्रींच्या खोलींत लाविला. रात्रीं दहा वाजतां कंट्रोलरनें खोलींतील दिवा आपोआप मंद लावावा व सकाळीं सहा वाजतां मालवावा, अशी योजना केली. खोलींतील त्या दिव्याचें बटण चुकूनही कोणी बंद करूं नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लाविली. दिवसा परीक्षा घेतली तेव्हां सर्व यथास्थित चाललें. रात्रीं मात्र दिवा लागेना. फोनवर पाहावें तों दिवा सांपडत नाहीं एवढीच सूचना. आणि सकाळीं पाहावें तों तो पुन्हां हजर!

आम्हीं प्रथम दिव्याला दोष दिला. मग दुकानदाराला दिला. त्या भल्या गृहस्थानें तक्रार न करितां दिवा बदलून दिला, पण नव्याचीही तीच गत. तेव्हां आमचा संशय नववींत शिकणाऱ्या आमच्या मुलावर गेला, कारण घरांत फोन अधिक हाताळणारा तोच. "तूंच कांहीं तरी बिघडविलें असशील," असें म्हणून आम्हीं त्याला चार कठोर शब्द सुनावले. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं. मात्र त्या दिवसापासून तो एका वहींत टिपून ठेवूं लागला : दिवा किती वाजेपर्यंत सांपडत होता, केव्हां नाहींसा झाला, आणि त्या वेळीं घरांतील कोणतें बटण चालू व कोणतें बंद होतें.

आठव्या रात्रीं घरीं पाहुणे आले. बोळांतून उशिरापर्यंत ये-जा चालू राहिली, आणि दहाच्या ठोक्याला मातुश्रींच्या खोलींत दिवा लागला! मुलानें वही आमच्यापुढें ठेविली. मागील सातही रात्रीं दिवा साडेनऊच्या सुमारास नाहींसा झाला होता. आणि साडेनऊला उत्तरपत्रिका तपासून उठतांना आम्हीच बोळांतील दिव्याचें भिंतीवरील बटण नियमानें बंद करीत असूं. "बाबा, मधला दिवा तुम्ही बंद करतां, म्हणून आजीचा दिवा लागत नाहीं," तो म्हणाला.

हें कसें घडतें तें समजून घेऊं. अशा दिव्याचे दोन भाग असतात. एक भाग प्रकाश देतो. निळा प्रकाश देणारा एलईडी शोधून काढल्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच निळ्या प्रकाशापासून, एका विशिष्ट लेपाच्या साह्यानें, आपल्या दिव्याचा पांढरा प्रकाश तयार होतो. दुसरा भाग म्हणजे लहानसें रेडिओयंत्र. कंट्रोलरची आज्ञा तें ऐकतें व उलट उत्तरही देतें. प्रकाश मालविलेला असतांही या यंत्रास थोडी वीज सतत लागते. भिंतीवरील बटण बंद केलें कीं तें बहिरें व मुकें होतें. मग कंट्रोलरनें कितीही हाका मारिल्या तरी उत्तर येणार नाहीं.

झिग्बी दिव्यांचे संदेश सुमारें २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर जातात. या लहरींची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर असते. त्यांची शक्ति बेताचीच, आणि जाड दगडी भिंत, लोखंडी कपाट किंवा पाण्याची टाकी आड आली तर त्या आणखी क्षीण होतात. म्हणून असे दिवे एकमेकांचे संदेश पुढें पोंचवीत असतात. बांधकामावर मजूर रांगेनें उभे राहून घमेलीं हातोहात देतात, तसाच हा प्रकार. रांगेंतील मधला मजूर निघून गेला आणि दुसरा कोणी जवळ नसला, तर शेवटच्या गवंड्याचा हात रिकामाच राहतो. तो आळशी आहे असें आपण म्हणणार काय? आमच्या घरीं बोळांतील दिवा हा तो मधला मजूर होता.

आतां अशा प्रसंगीं कोणत्या क्रमानें तपास करावा तें सांगतों. एका वेळीं एकच बदल करावा व त्याचा परिणाम वहींत टिपावा, हा पहिला नियम. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दिवा कदाचित् जुळेल, पण दोष कोठें होता तें कळणार नाहीं.

१. वीज पाहावी. त्या दिव्याचें व वाटेंतील दिव्यांचें भिंतीवरील बटण चालू आहे काय? दिवा होल्डरमध्यें नीट बसला आहे काय? हात लावण्यापूर्वीं बटण बंद करून दिवा निवूं द्यावा. प्रकाश कमीजास्त करणारा रेग्युलेटर त्या बटणावर असल्यास तेथें असा दिवा लावूं नये. तो लुकलुकतो, व त्याच्या रेडिओयंत्रास पुरती वीज मिळत नाहीं.

२. जात पाहावी. खोक्यावर झिग्बी, वायफाय किंवा मॅटर यांपैकीं काय छापलें आहे? ज्या कंट्रोलरला झिग्बी समजत नाहीं, त्याला झिग्बी दिवा कधींच सांपडणार नाहीं. वायफायच्या पुष्कळ दिव्यांना २.४ गिगाहर्ट्झच समजतें, ५ गिगाहर्ट्झ समजत नाहीं. अशा वेळीं राउटरवर २.४ चें जाळें चालू असावें, आणि दिवा जोडतांना फोनही त्याच जाळ्यावर असावा. परवलीचा शब्द तर दोनदां तपासून लिहावा. लहानमोठ्या अक्षरांची चूक फार घडते.

३. अंतर पाहावें. दिवा काढून कंट्रोलरजवळच्या टेबलावरील दिवठाणांत लावावा व तेथें जोडून पाहावा. जवळ जुळला पण मूळ जागीं जुळेना, तर दिवा निर्दोष आहे. दोष वाटेंत आहे. कंट्रोलर राउटरला चिकटून ठेवूं नये. दोघांच्या लहरी एकाच पट्ट्यांतील असल्यामुळें गोंगाट होतो. दोनतीन हातांचें अंतर बरें.

४. जुनें नातें पाहावें. दिवा पूर्वीं दुसऱ्या कंट्रोलरशीं जोडलेला असेल, तर तो त्याचीच वाट पाहत राहतो. जुन्या ठिकाणाहून त्याचें नांव काढून टाकावें, किंवा तो कोरा करावा. बहुतेक दिवे ठराविक वेळां चालू-बंद केल्यानें कोरे होतात; किती वेळां, तें त्या त्या दिव्याबरोबरच्या कागदावर पाहावें.

५. कंट्रोलर पाहावा. नवीन दिवा स्वीकारण्यासाठीं त्याचें दार थोड्या मिनिटांपुरतेंच उघडें राहतें. तेव्हां आधीं कंट्रोलरला शोध घेण्याची आज्ञा द्यावी व लगेच दिवा चालू करावा.

६. अदलाबदल करावी. संशयित दिवा चांगल्या जागीं व चांगला दिवा संशयित जागीं लावावा. दोष दिव्याबरोबर गेला तर दिवा सदोष. जागेवरच राहिला तर दिवा निर्दोष. ही परीक्षा आम्हीं पहिल्याच दिवशीं केली असती, तर दुकानदाराकडे जाण्याची पाळी आली नसती, व मुलालाही बोलणें बसलें नसतें.

येथें पालक विचारतील : बटण सदा चालू ठेवावयाचें म्हणजे विजेची उधळपट्टी नव्हे काय? वर्गांत तीस-तीस मुलांना "जातांना दिवा मालवा" असें आम्हीच सांगत आलों आहों, तेव्हां हा प्रश्न आमच्याही मनांत आला. त्याचें उत्तर गणितानें द्यावें. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाप्रमाणें असा दिवा प्रकाश न देतां केवळ आज्ञेची वाट पाहत असतां त्याला अर्ध्या वॅटाहून अधिक वीज लागतां कामा नये. अर्धा वॅट धरला तर दिवसाचे २४ तास व वर्षाचे ३६५ दिवस मिळून ४,३८० वॅट-तास, म्हणजे वर्षाला सुमारें ४.४ युनिट होतात. काटकसर चांगली, पण आपण काय वांचवितों व त्याची किंमत कोण देतो हें पाहून केलेली चांगली. आम्ही रात्रीपुरतें बटण बंद करून वर्षाला दोन युनिटही वांचविलीं नसतीं; आणि त्यासाठीं एक म्हातारी आई सात रात्री अंधारांत पडून राहिली.

आतां बोळांतील बटणावरही चिकटपट्टी आहे. तो दिवा आम्ही फोनवरून मालवितों. म्हणजे प्रकाश जातो, पण त्याचें रेडिओयंत्र जागें राहतें. मातुश्री रात्रीं निर्भयपणें उठतात.

मुलाची आम्हीं दुसऱ्याच दिवशीं सकाळीं, सर्वांसमक्ष, क्षमा मागितली. त्याला बोललों होतों तेंही सर्वांसमक्षच. तो लाजून म्हणाला, "असूं द्या, बाबा." ती वही आम्हीं जपून ठेविली आहे. विद्यार्थ्यांनीं तिच्यापासून एवढेंच घ्यावें : दोष जेथें दिसतो तेथेंच असतो असें नाहीं. तो शोधावयाचा तर अंदाजापेक्षां टिपण बरें. आणि दुसऱ्याच्या हातांकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपला हात कोणत्या बटणावर आहे, तें एकदां पाहून घ्यावें.